जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: पाणी, पत्रा आणि कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच वर्षी डिसेंबरात माझ्या मेव्हण्याने पुण्यात दोन वर्षं वापरलेली एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, आत अत्तराचा वास. महिन्याभरात डावी काच वर जाईना. मग एअरबॅगचा दिवा लागून राहिला. मग गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने पुढची सीट काढून कार्पेट उचललं, तर खाली पिठासारखा बारीक वाळलेला गाळ होता. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.

तेव्हापासून घरात किंवा मित्रांत कोणी जुनी गाडी घेत असलं की मी सोबत जातो. एवढ्या गाड्या पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. जुन्या गाडीतले दोष दोन प्रकारचे असतात. टायर, क्लच, बॅटरी, ब्रेक पॅड, एसीचा गॅस हे पैशाने जाणारे. पाण्यात बुडालेली गाडी, सांगाडा वाकवणारा अपघात आणि कागदातला घोळ हे पैसे घालूनही पुरते न जाणारे. पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस टायरवरून घासाघीस करत बसतो आणि दुसऱ्या प्रकाराकडे बघायचं राहूनच जातं. म्हणून पुढचा क्रम असा ठेवलाय की न जाणारे दोष आधी हाती लागावेत आणि तसं काही दिसलं की तुम्हाला तिथूनच परत फिरता यावं.

आधी घरात ठरवायचं

आपल्याकडे कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे बहुतेक वेळा चार मीटरच्या आतली गाडी. ही चार मीटरची रेघ कराने आखली. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत असलं की कर कमी लागतो. त्यामुळे या गाड्यांची डिकी मागून कापल्यासारखी दिसते आणि मागच्या सीटवर तिघं बसतात ती थोडी खेटूनच.

जुन्या बाजारात नेहमी दिसणाऱ्या गाड्या पाच-सहाच. मारुतीची विटारा ब्रेझा २०१६ पासून आली आणि २०२० च्या सुरुवातीपर्यंत ती फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये मिळायची. त्यानंतर फक्त १.५ लिटर पेट्रोल. टाटा नेक्सॉन २०१७ ची, ह्युंदाई व्हेन्यू आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३०० या २०१९ च्या, किया सोनेट २०२० ची. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली. कंपनीने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, म्हणून ती स्वस्तात मिळते. चालवायला ती फार छान आहे, पण घ्यायचीच असेल तर तुमच्या गावापासून सर्व्हिस आणि सुटे भाग किती लांब आहेत ते आधी पाहून या.

पेट्रोल की डिझेल, याचं उत्तर तुमच्या रोजच्या रस्त्यात आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम) डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. शाळा, भाजी, ऑफिस असा आठ-दहा किलोमीटरचाच फेरा असेल तर तो फिल्टर तुंबत जातो आणि बदलायचा खर्च मोठा येतो. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर, तेही बरंचसं हायवेवर, असं रनिंग नसेल तर डिझेलच्या ॲव्हरेजला भुलू नका.

सुरक्षिततेबद्दल मी थोडा हट्टी आहे. ब्रेझाला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात नेक्सॉनला पाच मिळाले, आणि २०२० च्या जानेवारीत एक्सयूव्ही ३०० लाही पाच. पण ड्रायव्हरशेजारच्या सीटला एअरबॅग असणं जुन्या चालू मॉडेलांना २०२१ च्या अखेरीसच सक्तीचं झालं. त्याआधीची एखाद्या मॉडेलची खालची व्हेरियंट घेणार असाल तर डॅशबोर्डवर डावीकडे एअरबॅग लिहिलंय का, ते स्वतः पाहा. घरात लहान मूल असेल तर मागच्या सीटच्या फटीत बोट घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट अडकवायच्या कड्या चाचपा. सनरूफ नसलं तरी चालतं, हे नसलं तर चालत नाही.

आणि शक्य असेल तर आईवडिलांना एकदा त्या मॉडेलमध्ये बसवून आणा. माझ्या आईला गुडघ्यामुळे खाली बसक्या गाडीतून उठता येत नाही. तिने सीटच्या उंचीवरूनच एक गाडी पसंत केली, आणि आज मला वाटतं की आमच्या सगळ्यांच्या कारणांत तिचं कारण सर्वांत खरं होतं.

फोनवरच विचारून घ्यायचं

भेटायला जाण्याआधी गाडीचा पूर्ण नंबर मागा आणि पुढचं विचारा: तुम्ही कितवे मालक? कर्ज आहे का? शेवटची सर्व्हिसिंग कुठे, किती किलोमीटरला झाली? दोन्ही चाव्या आहेत का? गाडी कुठल्या गावात वापरली? अपघात किंवा विम्याचा क्लेम झालाय का? उत्तरं लिहून ठेवा. नंतर कागद आणि गाडी यांच्याशी ती ताडून पाहायची आहेत. नंबर द्यायलाच जो कां-कूं करतो, त्याची गाडी बघायला जाऊ नका.

आणखी एक सांगून ठेवा: ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ याचं कारण पुढे येईल.

कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, बीएस-४ की बीएस-६, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, मालक कितवा, हे बहुतेक सगळं दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेला दंड दिसतो. यात पंधरा मिनिटं जातात आणि निम्म्या गाड्या इथेच गळतात.

मग मूळ आरसी हातात घ्या. त्यावरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं आधार एकच आहे का? ‘भावाची गाडी आहे, मीच बघतो’ असं असेल तर भावाशी बोला, त्याला सहीला आणा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहा. इंजिन नंबरही तसाच. गाडी आधी टॅक्सी परवान्यावर किंवा भाड्याने चालवायला देणाऱ्या कंपनीकडे होती का, हेही आरसी आणि जुन्या विम्यावरून कळतं.

विम्याची पॉलिसी हा माझा सर्वांत आवडता कागद. तिच्यावर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. विकणारा म्हणतो ‘पाच वर्षांत ओरखडा नाही’ आणि पॉलिसीवर बोनस शून्य किंवा वीस टक्के असेल, तर मधे कधीतरी क्लेम झालाय. बोनस शाबूत ठेवणारं ॲड-ऑन असू शकतं, किंवा मालक नुकताच बदललेला असू शकतो, म्हणून लगेच आरोप करू नका. शांतपणे विचारा, ‘हा क्लेम कशाचा होता?’ खरं असेल तर माणूस बिल काढून दाखवतो. बंपर आणि दिव्याचं बिल असेल तर काळजी नाही.

त्याच पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्याने धरलेली गाडीची किंमत असते. तिचा उपयोग पुढे होईल.

किलोमीटरचा आकडा काट्यावरून मानू नका, सर्व्हिसिंगच्या बिलांवरून माना. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं रीडिंग छापलेलं असतं. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलात तर ते नंबरवरून जुना इतिहास काढून देतात. २०२२ ला ६२ हजार आणि आज काट्यावर ४८ हजार, असं दिसलं की तिथेच नमस्कार करून निघायचं.

परराज्यातल्या गाडीचा हिशोब वेगळा. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या वयाच्या जवळ आलेल्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे निघू लागल्या. गाडी चांगली असू शकते. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि दोन-तीन महिन्यांची धावपळ किमतीत मिळवा, म्हणजे तो स्वस्तपणा बराचसा विरतो. भारत सीरीजचा (बीएच अक्षरांचा, सगळ्या राज्यांत चालणारा) नंबर असेल तर तुम्ही त्या सीरीजला पात्र आहात का ते आधी पाहा. नसाल तर तुम्हाला साधा नंबर आणि त्याचा कर भरावा लागेल.

पत्रा

गाडी दिवसा, उन्हात आणि कोरडी बघायची. धुऊन ओली ठेवलेल्या गाडीवर ओरखडे आणि रंगातला फरक दिसत नाही. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघून टोकन देणाऱ्यांना मी हात जोडून थांबवलंय.

आधी दहा पावलं लांब उभे राहा. मग एका कोपऱ्यावर वाकून पूर्ण बाजू डोळ्याच्या रेषेत बघा. उजेडाची रेघ दारांवरून सरळ वाहते की मधेच थरथरते? थरथरते तिथे लांबी भरलेली असते, म्हणजे पुट्टी. दोन दारांमधली फट, बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बोट फिरवून पाहा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र हल्ली ऑनलाइन मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. पुन्हा रंगवलेला भाग २०० च्या पुढे, आणि लांबी भरलेली जागा ५०० च्याही पुढे. यंत्र नसेल तर फ्रिजचं चुंबक पातळ कपड्यात गुंडाळून लावा. पत्र्यावर कुठे ते सैल धरत असेल तर त्याखाली लांबीचा थर आहे.

पण नीट ऐका: पुन्हा रंगवलेलं दार हा गुन्हा नाही. आपल्या शहरांत पाच वर्षांत एकही पॅनल न रंगवलेली गाडी दुर्मिळ. धडक किती खोल गेली होती, ते आपल्याला शोधायचंय. त्यासाठी बाहेरचा रंग सोडून आतल्या जागा पाहा.

बॉनेट उघडा. मडगार्ड आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कंपनीतून येताना बोल्टही रंगवलेले असतात. पाना लागला की कडांचा रंग उडतो. मग दोन्ही हेडलाइटच्या मागे, चाकाच्या वरचा उभा पत्रा बघा. त्याला गॅरेजमध्ये एप्रन म्हणतात. कंपनीचं वेल्डिंग म्हणजे ठरावीक अंतरावर उमटलेले गोल ठसे. तिथे ओबडधोबड वेल्डिंग, ठोकल्याच्या खुणा किंवा ब्रशने फासलेला रंग दिसला तर धडक सांगाड्यापर्यंत पोचली आहे. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडाही अशाच तपासा. चारही दारांचं रबर थोडं ओढून आतल्या पिलरचा, म्हणजे छत पेलणाऱ्या उभ्या खांबाचा पत्रा पाहा. पत्र्याच्या सांध्यावरचं सीलंट कंपनीचं असेल तर ते सरळ आणि कडक असतं. हाताने लावलेल्यात नख रुततं.

काचांवर कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि सालाची खूण असते. पुढची काच दगड लागून बदलली जाते, त्यात विशेष काही नाही. पण मागची किंवा दाराची काच एकटीच वेगळ्या सालाची असेल तर विचारा.

एप्रन, पिलर किंवा चेसिसला काम झालेली गाडी कितीही स्वस्त असो, घरच्यांसाठी घेऊ नका. त्या पत्र्याने धडक झेलायची असते, आणि एकदा सरळ केलेला पत्रा दुसऱ्यांदा कसा वागेल हे कोणी सांगू शकत नाही.

पाणी

हा भाग मी सावकाश लिहितोय, कारण विकणारे तो सर्वांत चांगला लपवतात. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर सांगली-कोल्हापूर २०१९, चिपळूण जुलै २०२१, चेन्नई डिसेंबर २०२३, पुण्याची एकतानगरी जुलै २०२४. दर वेळी कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती गाडी संपली असं धरून मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पुन्हा उभ्या राहतात. म्हणूनच फोनवर ‘गाडी कुठल्या गावात होती’ हे विचारायचं, आणि त्या सालची सर्व्हिसिंगची बिलं गायब आहेत का ते पाहायचं.

पाण्याने इंजिनपेक्षा वायरिंग जास्त मरतं. इंजिन उघडून साफ करता येतं. पण गाडीभर पसरलेले शेकडो जोड आतून हळूहळू हिरवे पडत जातात आणि बिघाड दोन वर्षं येत राहतात, प्रत्येक वेळी नव्या जागी.

काय पाहायचं ते सांगतो. आत बसून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पूर्ण. शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातकट डागाची आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं. तो भाग कोणी धूत नाही. मग सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट टॉर्चने पाहा. बंद गाडीत त्यांना गंज यायचं काही कारण नसतं. कार्पेटचा कोपरा दाराजवळून उचला आणि खालच्या फोमला हात लावा: ओल, गाळ, कडकपणा. स्टीअरिंगखाली डोकं घालून फ्यूजची पेटी आणि वायरींचे जोड पाहा. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू आहे का? हेडलाइटच्या आत वाळलेल्या पाण्याच्या पातळीची खूण आहे का? एसी बंद ठेवून ब्लोअर पूर्ण वेगात लावा आणि पहिल्या हवेचा वास घ्या. कुबट, तळघरासारखा वास येत असेल, किंवा वास झाकायला अत्तर भरपूर मारलेलं असेल, तर संशय धरा. पाच वर्षांच्या गाडीत कार्पेट आणि छताचं कापड अगदी कोरं असेल तरीही तसंच.

यातली एक खूण योगायोग असू शकते. दोन सापडल्या की घरी परत.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे खारी हवा खालून खाते. गाडीच्या पोटाखालचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर आणि दारांची खालची कड बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. टोकरल्यावर पापुद्रे निघत असतील तर नको.

थंड इंजिन

आता ‘सुरू करू नका’ चं कारण. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्या आधी गाडी चालवून आणली आहे. त्रासदायक इंजिन गरम झाल्यावर गुणी मुलासारखं वागतं. त्याचं खरं दुखणं सकाळच्या पहिल्या स्टार्टला कळतं.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, पण पातळी दोन खुणांमध्ये हवी. ऑइलच्या झाकणाखाली दुधी-पिवळट साय असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असावं. कूलंट स्वच्छ रंगीत हवं, गंजकट नको.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे, एअरबॅगचाही, आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो मुद्दाम तोडलेला असू शकतो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर मागे एकाला उभं करा. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ ठीक. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच काळा लोट येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरचं (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) काम निघू शकतं.

चालवून पाहताना

स्वतः चालवा, किमान पंधरा किलोमीटर. रस्ता तुम्ही निवडा: एखादा खराब तुकडा, एक चढ, थोडा मोकळा रस्ता आणि थोडी गर्दी. गाणी बंद, एसी चालू.

चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच घसरतोय. सपाट रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही पाहून स्टीअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर निदान अलाइनमेंट, वाईट म्हणजे वाकलेला सांगाडा. रिकाम्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. टक-टक आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवर खडखड म्हणजे लिंक रॉड किंवा बुश, हा खर्च सोसण्याजोगा असतो. ब्रेक मारताना पायाला थरथर जाणवली तर डिस्क झिजून वेड्यावाकड्या झाल्यात.

ऑटोमॅटिक असेल तर गर्दीचा तुकडा चुकवू नका. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सला आपोआप गिअर बदलायची सोय जोडलेली गाडी, थोडे हिसके देते, तो तिचा स्वभावच आहे. पण व्हेन्यू-सोनेटच्या टर्बो पेट्रोलमध्ये येणाऱ्या डीसीटीसारखा (दोन क्लचचा) गिअरबॉक्स मुंगीच्या गतीने चालवताना थरथरत असेल, तर आतले क्लच झिजलेले असू शकतात. ते काम महागात पडतं. वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये अडकल्याशिवाय हा दोष दिसत नाही, म्हणून मी मुद्दाम संध्याकाळी सातला घेऊन जातो.

परत आल्यावर इंजिन बंद न करता पाच मिनिटं थांबा. काटा वर चढतो का, खाली थेंब पडतात का, एसी थंड राहतो का, पाहा.

मेकॅनिक, रॅम्प आणि स्कॅनर

इथवर गाडी टिकली तर आता शे-पाचशे किंवा हजार-दोन हजार खर्च करायची वेळ आली. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे न्या, विकणाऱ्याच्या नको. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवून खालून टॉर्च मारा. ऑइलची गळती, शॉकअपवरची ओल, ॲक्सलवरचे फाटलेले रबरी बूट आणि दगडावर आपटल्याच्या खुणा दिसतात.

मेकॅनिककडे चांगला स्कॅनर असेल तर एररचे कोड तर पाहाच, पण कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हेही पाहायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ते कळतं. ‘काहीच एरर नाही’ आणि ‘काल संध्याकाळी सगळे एरर पुसले’ यात फार फरक आहे.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच धरा. स्टेपनीचा शिक्का सहसा गाडीच्याच वयाचा असतो, त्यावरून बाकीचे कधी बदलले ते कळतं.

किंमत

शोरूममध्ये जाऊन त्याच व्हेरियंटचा आजचा भाव विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, ठरलेल्या सीसीच्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. पण विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने तेव्हा मोजलेला भाव असतो. त्याच्या बिलावरून नको, आजच्या भावावरून खाली या.

दुसरा आधार आयडीव्हीचा. विम्याच्या कोष्टकात गाडीचं तिसरं वर्ष चालू असताना घसारा ३० टक्के, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के धरतात. बाजारभाव यापेक्षा बरेचदा वर असतो, मागणी असलेल्या मॉडेलला तर नक्कीच, पण बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं.

मग पैशाने जाणाऱ्या दोषांची यादी काढा. चार टायर म्हणजे तीस हजारांच्या आसपास. क्लच, बॅटरी, ब्रेक यांचे भाव मेकॅनिककडून घ्या. ही यादी विकणाऱ्यापुढे ठेवून बोला. आवाज चढवायची गरज पडत नाही. ठरलेल्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी खालची गाडी घ्या.

नावावर करताना

टोकन द्याल तेव्हा कागदावर लिहून घ्या: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, उरलेली रक्कम कधी, आणि कागदात खोट निघाली तर टोकन परत. पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही तुमच्याकडे राहत नाही.

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसी, विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ‘कर्ज फिटलंय, फक्त आरसीवरून उतरवायचं राहिलंय’ असं असेल तर बोजा आधी उतरवून घ्या, मग उरलेले पैसे. अर्ज परिवहन पोर्टलवर करता येतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची नोंद करायची असते. विकणारा टाळाटाळ करू लागला तर त्याला सांगा की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. बहुतेक लोक मग स्वतःहून आरटीओत येतात.

विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि तुमचा नवा घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा खुणांची नंबर प्लेट लागली आहे का तेही पाहून घ्या.

गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. त्या दिवसाचं रीडिंग लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर डिपस्टिक पुन्हा तपासा, म्हणजे इंजिन ऑइल पितंय का ते कळेल. पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी चारही पायांच्या जागी कार्पेटखाली हात घाला. ओल लागली तर सहसा दाराचं रबर सुटलेलं असतं, सनरूफच्या नळ्या तुंबलेल्या असतात किंवा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी बुजलेली असते. त्याच आठवड्यात ते करून घ्या आणि कार्पेट उन्हात पूर्ण वाळवूनच परत बसवा.